‘सेट’चं मराठी करताना: कुठे संच, कुठे बसवणे, कुठे रद्द?

शाईदौत विचारतात:

इंग्रजीतल्या ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाने भाषांतराचं काम अडून बसतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद याच शब्दाची होती, सुमारे ४३० अर्थांची. (नंतरच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकलं, पण तो वेगळा विषय.) कोश उघडून एकेक अर्थ लावून बघणं व्यवहार्य नाही.

सध्या अडलेले तुकडे असे: पंपाच्या पुस्तिकेत ‘सेट स्क्रू’ आणि रबरी रिंगचा ‘कॉम्प्रेशन सेट’. सिमेंटच्या माहितीपत्रकात ‘फॉल्स सेट’. न्यायालयाच्या आदेशात ‘सेट असाइड’ आणि ‘सेट ऑफ’. ऊस लागवडीच्या पत्रकात ‘टू-बड सेट्स’. यंत्राने केलेल्या कच्च्या भाषांतरात या सगळ्या ठिकाणी ‘संच’ आलाय! नेमका शब्द निवडायची काही पद्धत आहे का? आणि सरळ ‘सेट’ असंच ठेवलं तर कुठे चालेल?

---

धातुपाठ:

पद्धत आहे. आधी अर्थ शोधायचा नाही, आधी तो शब्द क्रियापद आहे की नाम ते ठरवायचं. या दोघांची घराणीच वेगळी आहेत. ‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे ‘बसायला लावणे’. ‘एकत्र असलेला गट’ या अर्थाचं नाम मात्र लॅटिन ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आलं आणि उच्चार जुळल्यामुळे क्रियापदाच्या नामात मिसळून गेलं. ‘संच’ फक्त या दुसऱ्या घराण्याला चालतो. गणितातला संच, भांड्यांचा संच, प्रश्नांचा संच. बाकी ठिकाणी ‘संच’ आला की नव्वद टक्के चूक आहे असं धरून चाला.

क्रियापदासाठी आपल्याकडे आयतीच सोय आहे, कारण मराठीतही ‘बसणे’चं प्रयोजक ‘बसवणे’ आहे. हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, चौकट भिंतीत बसवणे, या तिन्हीला इंग्रजीत ‘सेट’च. वस्तू तिच्या ठरलेल्या जागी पक्की करायची असेल तिथे आधी ‘बसवणे’ घालून पाहा. ती वस्तू पुढे काहीतरी घडवण्यासाठी तयार ठेवायची असेल, तर ‘लावणे’: गजर लावणे, सापळा लावणे, कवितेला चाल लावणे. आकडा, दिवस, भाव यांना ‘ठरवणे’. या तीन क्रियापदांत निम्मं काम उरकतं. उरलेल्या निम्म्यात कर्म बघून रूढ जोडी आठवावी लागते. विक्रम नोंदवतात, आदर्श घालून देतात, पानं मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात (आणि काढणारा प्राश्निक; ‘पेपर सेटर’ लिहायची गरज नाही). कादंबरी मुंबईत ‘सेट केलेली’ नसते, तिचं कथानक मुंबईत घडतं.

व्याकरणाची एक खोच. या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखीच. ‘ही सेट द व्हॉल्व्ह’ यात शेवटी ‘स’ नाही, म्हणजे भूतकाळ: त्याने व्हॉल्व्ह बसवला किंवा जुळवला. ‘सेट द व्हॉल्व्ह’ एवढंच असेल तर आज्ञा. ‘द व्हॉल्व्ह इज सेट’ मात्र दोन्हीकडे जातं: ‘जुळवलेला आहे’ ही स्थिती किंवा ‘जुळवला जातो’ ही क्रिया. पुस्तिकेत हा फरक महत्त्वाचा. कारखान्यातूनच जुळवून आलेला भाग वाचणाऱ्याने उगाच फिरवून ठेवू नये. वाक्यात ‘अ‍ॅट द फॅक्टरी’सारखं काही असेल तर नि:शंक स्थिती घ्या.

---

मापट्टी:

यंत्राकडचं सांगतो.

‘सेट स्क्रू’ म्हणजे स्क्रूंचा संच नव्हे. पुली, गिअर किंवा कपलिंग शाफ्टवर पक्कं धरण्यासाठी आडव्या छिद्रातून पिळून शाफ्टवर दाबला जाणारा स्क्रू. बिनडोक्याचा, आत षटकोनी खाच असलेला असेल तर कारखान्यात त्याला ग्रब स्क्रू म्हणतात. तेच लिहा, फिटरला लगेच कळेल. भाषांतर चुकलं तर काय होतं? ‘लूझन द सेट स्क्रू’चं ‘स्क्रूंचा संच सैल करा’ झालं, की वाचणारा झाकणाचे बोल्ट काढतो आणि पुली मात्र जागची हलत नाही. मग ती हातोडीने ठोकली जाते.

‘कॉम्प्रेशन सेट’मध्ये ‘सेट’ म्हणजे परत न आलेला बदल. रबर दाबून ठेवलं, मग सोडलं, तरी ते मूळ जाडीवर येत नाही. जितकं चपटं राहिलं तितका सेट. नेहमीच्या चाचणीत नमुना त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबतात, ७०° सेल्सिअसला २२ तास ठेवतात, सोडल्यावर अर्ध्या तासाने जाडी मोजतात. दाबलेल्या जाडीपैकी किती टक्के परत आली नाही तो आकडा. हा आकडा कमी असणं चांगलं. मराठीत ‘दाबामुळे राहणारा कायमचा चपटेपणा’ असं एकदा लिहून पुढे ‘कॉम्प्रेशन सेट’ वापरा. स्प्रिंगच्या बाबतीत ‘परमनंट सेट’ येतो, तोही याच जातीचा: भार काढल्यावर उरलेला बाक.

‘सेट पॉइंट’ तापमान-नियंत्रकावर असेल तर ‘ठरवलेलं तापमान’. टेनिसच्या बातमीत असेल तर सेट जिंकायला उरलेला एक गुण. हे कोणी गल्लत करणार नाही असं वाटतं, पण यंत्र करतं.

सिमेंटच्या मजकुरात ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीला ‘घट्ट होणे’ लिहिलं की मजकूर वाया. सेटिंग म्हणजे मऊ लगदा आकार धरतो ते, आणि हार्डनिंग म्हणजे पुढे दिवसेंदिवस ताकद येते ते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटचा प्रारंभिक सेटिंग काळ ३० मिनिटांपेक्षा कमी नको आणि अंतिम काळ ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको. ताकद मात्र २८ दिवसांची मोजतात. साइटवर सगळे ‘सेट झालं’च म्हणतात, तेव्हा सेटिंगला ‘सेट होणे’ आणि हार्डनिंगला ‘ताकद येणे’ किंवा ‘कठीण होणे’ ठेवा.

‘फॉल्स सेट’ला ‘खोटा सेट’ चालेल, पण कारण आणि कृती द्या, कारण त्याचा जुळा भाऊ ‘फ्लॅश सेट’ आहे. दळताना चक्की फार तापली की सिमेंटमधल्या जिप्समचं पाणी उडतं. तेच पाणी मिश्रणात पुन्हा शोषलं जातं आणि माल दोन-चार मिनिटांत ताठ होतो, फारशी उष्णता न सोडता. उपाय असा की पाणी न घालता पुन्हा ढवळायचं. माल पूर्ववत मऊ होतो. फ्लॅश सेटमध्ये जिप्सम अपुरं असतं, माल गरम होऊन आवळतो आणि ढवळून सुटत नाही. दोन्हीला ‘लवकर घट्ट होणे’ असं एकच मराठी दिलं, तर गवंडी पहिल्या प्रकारातला चांगला माल फेकून देईल, नाहीतर वर पाणी ओतून ताकद घालवेल.

---

वकीलपत्र:

‘सेट असाइड’चं ‘बाजूला ठेवला’ हे कायद्याच्या कागदात सगळ्यांत महागात पडणारं भाषांतर. ‘प्रकरण बाजूला ठेवलं’ म्हणजे मराठीत ते नंतर बघू. आदेश ‘सेट असाइड’ झाला म्हणजे तो संपला. ‘रद्द केला’ किंवा ‘रद्दबातल ठरवला’ असंच लिहा. शेजारचे शब्दही जपा: ‘स्टे’ म्हणजे स्थगिती, आदेश जिवंत पण अंमल थांबलेला. ‘सेट असाइड अँड रिमांडेड’ म्हणजे रद्द करून फेरनिर्णयासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायचा अर्ज १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली होतो, मुदत निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर वर आणखी तीसच दिवस. आता कल्पना करा, पक्षकाराने ‘निवाडा बाजूला ठेवण्याचा अर्ज’ वाचला आणि घाई नाही असं समजला.

पैशांच्या संदर्भात मात्र ‘सेट असाइड’ खरोखरच ‘बाजूला काढून ठेवणे’ आहे. तेव्हा कर्म बघा: आदेश, हुकूमनामा, निवाडा असेल तर रद्द, रक्कम, जमीन, वेळ असेल तर राखून ठेवणे.

‘सेट ऑफ’ला तीन घरं. फौजदारी आदेशात आरोपीने कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करणे (पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८). दिवाणी दाव्यात प्रतिवादीने आपली निश्चित येणी रक्कम वादीच्या मागणीतून वळती मागणे. प्राप्तिकरात तोट्याचं उत्पन्नाशी समायोजन. इथे ‘वजावट’ टाळा, कारण ‘डिडक्शन’लाही वजावटच म्हणतात आणि एकाच तक्त्यात दोन्ही आले की हिशेब कळत नाही.

‘सेटबॅक’ही सांभाळा. बातमीत तो धक्का किंवा पीछेहाट. मुंबईच्या इमारतीच्या कागदात मात्र बहुतेक वेळा रस्तारुंदीकरणासाठी महापालिकेला द्यावी लागणारी पट्टी, जिच्या मोबदल्यात चटईक्षेत्र मिळू शकतं. इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेला आपल्याकडे ‘सामासिक अंतर’ हा छान शब्द रूढ आहे. परदेशी वास्तुरचनेच्या मजकुरात ‘सेटबॅक’ दिसला तर बहुधा हेच अंतर असतं. दोन्हीत पट्टी कोणाच्या मालकीत राहते हा फरक आहे, म्हणून गोंधळ परवडत नाही.

---

पाटचारी:

उसाचा ‘सेट’ इंग्रजीत बऱ्याचदा दोन टी घालून लिहितात, ही पहिली खूण. मराठीत त्याला टिपरी. ‘टू-बड सेट्स’ म्हणजे दोन डोळ्यांची टिपरी, हेक्टरी साधारण २५ ते ३० हजार लागतात. ‘कळ्यांचा संच’ असं छापलं तर शेतकरी पत्रक तिथेच मिटेल. ‘बड’ला इथे डोळाच म्हणायचं, कळी नाही. मजकुरात पुढे ‘बड्स ऑन द साइड्स’ असं आलं तर तेही जपून: दोन डोळ्यांची टिपरी डोळे बाजूला येतील अशी ठेवतात, एक डोळ्याची डोळा वर ठेवून. उलटसुलट छापलं तर खाली गेलेल्या डोळ्याची उगवण उशिरा आणि कमी होते.

‘अनियन सेट्स’ हा आणखी निराळा: दाट पेरून मुद्दाम लहान ठेवलेले, दीड-दोन सेंटिमीटरचे कांदे, जे पुढच्या हंगामात रोपांऐवजी लावतात. ‘लावणीचे छोटे कांदे’ लिहा. ‘रोप’ लिहू नका, आणि बियाण्यासाठी लावायच्या मोठ्या कांद्याशीही मिसळू नका.

‘फ्रूट सेट’ म्हणजे फळधारणा. पण पीक बघून बोला: हरभऱ्याला घाटे लागतात, कापसाला बोंडं धरतात, तुरीला शेंगा. द्राक्षात मात्र बागायतदार स्वतःच ‘मणी सेटिंग’ म्हणतात, तिथे शुद्ध मराठीचा हट्ट धरला तर फवारणी कधी करायची हेच कळणार नाही.

‘सेटिंग हेन’ म्हणजे खुडूक कोंबडी. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण कुक्कुटपालनाच्या पुस्तिकेत ‘कोंबडीची मांडणी’ छापलेलं पाहिलंय.

---

शाईदौत:

टिपरी आणि ग्रब स्क्रूने मोठं काम झालं. राहिला प्रश्न ‘सेट’ तसाच ठेवण्याचा.

---

धातुपाठ:

मराठीत ‘सेट’ आपला संसार थाटून बसलाय, त्यामुळे तसाच ठेवताना आधी मराठी वाचकाला काय ऐकू येईल ते बघा. दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, सिनेमाचा सेट, डीजी (डिझेल जनरेटर) सेट: बिनधास्त ठेवा. ‘बर्फी सेट होऊ द्या’ हेही चालतं, पण विरजणाला नको, दही लागतं. ‘मुलगा सेट झाला’ म्हणजे मार्गी लागला, हा इंग्रजी ‘इज सेट’चा नेहमीचा अर्थ नाही. आणि ‘सेट पास’ वाचून महाराष्ट्रात कोणालाही अध्यापक पदाची राज्य पात्रता परीक्षाच आठवेल.

एकवचनी ‘सेटिंग’पासून खास जपा. फोनच्या ‘सेटिंग्ज’ ठीक, पण ‘अधिकाऱ्याने सेटिंग केली’ म्हणजे मराठीत आतून संधान बांधलं. निविदेच्या कागदात ‘रेट सेटिंग कमिटी’ असेल तर ‘दरनिश्चिती समिती’ लिहा, नाहीतर समितीच तुम्हाला नोटीस पाठवेल.