भयपटातलं उसनं फुटेज: युक्ती की पळवाट?

गिरगावकर
'सापडलेल्या फुटेज'चा भयपट, म्हणजे कथेतल्याच माणसांनी किंवा कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण नंतर सापडलं असं भासवणारा, काढायचा तर शेवटपर्यंत तसाच काढा. मध्येच नेहमीचा, कुणाच्याच हातात नसलेला कॅमेरा आला की भीती गेलीच म्हणून समजा. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) मध्ये दोनच कॅमेरे आहेत: रंगीत हाय-८ व्हिडिओ (छोट्या कॅसेटचा घरगुती कॅमेरा) आणि कृष्णधवल १६ एमएम फिल्म. शेवटच्या प्रसंगातल्या घरात चित्रण करणाऱ्या मुलीच्या हातात १६ एमएम आहे, त्यात आवाज मुद्रित होत नाही. आवाज येतो तो पुढे पळालेल्या मुलाच्या हाय-८ मधून. त्यामुळे चित्र तिचं, पण तिचीच किंकाळी लांबून ऐकू येते. नियम पाळला म्हणून हे मिळालं. याउलट 'द फोर्थ काइंड' (२००९) बघा. अर्ध्या पडद्यावर 'खरं' फुटेज, अर्ध्यावर मिला योवोविच तोच प्रसंग करतेय. दोन्हीकडे नटच! मग विश्वास कशावर ठेवायचा?

रीळ नंबर ६
वाईट उदाहरण निवडून अख्खा प्रकार झोडपताय. 'सिनिस्टर' (२०१२) घ्या. सिनेमा नेहमीच्या पद्धतीचा, उसनी आहेत ती फक्त माळ्यावर सापडलेली सुपर ८ ची (जुन्या घरगुती फिल्म कॅमेऱ्याची) रिळं. सुपर ८ चं एक कार्ट्रिज ५० फुटांचं, सेकंदाला १८ फ्रेमनी चालवलं तर ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. म्हणजे रीळ सुरू झालं की ते लवकरच संपणार हे ठाऊक असतं, आणि संपायच्या आत काहीतरी होणार हेही. ती रिळं बघणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवायला बाहेरचा कॅमेरा लागतोच.

आणि ब्लेअर विचच्या सोवळेपणाचं फार कौतुक नको. मुळात मुलाखती घालून माहितीपटाचा घाट घालायचा बेत होता. तो भाग सिनेमातून काढला आणि टीव्हीवर वेगळा दाखवला. सोवळं एडिट टेबलावर नेसवलंय!

गिरगावकर
उशिरा का होईना, नेसवलं ना? आणि 'सिनिस्टर'च्या मुक्या रिळांवर संगीत कोण वाजवतंय, तेही सांगा.

रीळ नंबर ६
ते बघणाऱ्याच्या डोक्यातलं समजा. हां, थोडी पळवाट आहे. मान्य.

बूम ऑपरेटर
दोघंही चित्रावर भांडताय. असे सिनेमे पडतात ते आवाजात. माणूस कॅमेऱ्यापासून २० फुटांवर, आणि संवाद कानात बोलल्यासारखा, कारण छातीला लेपल माइक लावलाय. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटं लगेच कळतं. मोबाइलवर शूट करत असाल तर मूळ आवाज मोबाइलच्याच माइकचा ठेवा. शब्द अजिबात कळत नसेल तिथेच लेपल घ्या, तोही खाली ३०० हर्ट्झ आणि वर ४ किलोहर्ट्झला कापून, त्यात खोलीची घुमण मिसळून.

मोबाइलचं ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करू नका. सगळे गप्प झाले की पंख्याची घरघर आपोआप वर येते, कुणी ओरडलं की सगळं एकदम दबतं. हे फुकटात मिळणारं भय आहे. मुंबईत एक जास्तीची काळजी: अखंड म्हणून दाखवायच्या शॉटमध्ये लोकलचा भोंगा अर्ध्यावर तुटला की जोड उघडी पडते. भोंगा पूर्ण विरू द्या, मगच कट.

दादर टीटी
हिंदीत दिबाकर बॅनर्जींचा 'लव्ह सेक्स और धोखा' (२०१०) भयपट नाही, पण कॅमेरा कुणाचा हे त्यात पक्कं आहे: डिप्लोमा फिल्म, दुकानातला सीसीटीव्ही, स्टिंगचा छुपा कॅमेरा. पुढच्याच वर्षीच्या 'रागिणी एमएमएस'ला मात्र गावाबाहेरचं फार्महाऊस लागलं. मुंबईच्या चाळीत असा भयपट कसा करणार? किंचाळी ऐकून अख्खी गॅलरी बाहेर येईल.

चौथा मजला
येऊ दे की. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आपल्यापर्यंत कसं पोचतं? वॉचमनच्या केबिनमधल्या मॉनिटरचंच कुणीतरी मोबाइलने शूटिंग करतं. वर कोपऱ्यात तारीख-वेळ, काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, पडद्यावर लाटांसारखी नक्षी, मागे 'थांब, मागे घे जरा'. तसंच करा, फिल्टर लावत बसू नका. चित्र खराब करायला व्हॉट्सॲपवर दहादा फॉरवर्ड करूनही काही होत नाही, तीच फाइल पुढे जाते.

रात्रीचा कॅमेरा इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर) असतो, त्यात पुष्कळ काळे सिंथेटिक कपडे फिक्कट दिसतात. म्हणजे भुतासाठी पांढरी साडी शोधायची गरज नाही, काळी पॉलिस्टर चालेल. आधी चाचणी घ्या. आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारी पेटी) 'मोशन'वर ठेवलेला असेल तर हालचाल झाल्याशिवाय रेकॉर्डिंगच होत नाही. आता ३ वाजून १२ मिनिटांची क्लिप लावा. जिना रिकामा. मग रेकॉर्डिंग सुरू कशाने झालं?

गिरगावकर
कोळ्याने! इन्फ्रारेडच्या दिव्यांपाशी किडे येतात, लेन्ससमोर जाळं होतं, ते लख्ख चमकतं आणि हललं की रेकॉर्डिंग सुरू. कुठलाही सेक्रेटरी हेच सांगेल.

चौथा मजला
म्हणूनच तो कोळी आदल्या रात्रीच्या क्लिपमध्ये दाखवायचा. सकाळी वॉचमन स्टुलावर चढतो, फडक्याने लेन्स पुसतो, जाळं काढतो, हेही त्याच कॅमेऱ्यात. रात्री पुन्हा ३ वाजून १२ मिनिटं, जिना तसाच रिकामा, आणि क्लिप सुरू.