चरईतल्या घराची जुनी इंग्लिश फरशी: पॉलिश करून घेऊ का?

ओटीवरची

ठाण्यात चरईत माझं आजोळ आहे. जोत्यावरचं दुमजली घर, खाली ओटी, माजघर आणि मागे न्हाणीघराकडे जाणारा बोळ. ओटीवर आणि बोळात वर्षानुवर्षं पीव्हीसीचं कार्पेट चिकटवलेलं होतं. मामाने यंदा ते उचकटलं आणि खालून ही फरशी निघाली. चॉकलेटी, फिकट पिवळे आणि काळे त्रिकोण-चौकोन, मधे ओळीने फुलांच्या नक्षीच्या सहा इंची लाद्या, भिंतीलगत किनार. दाराजवळची एक लादी कोपरा फुटून सुटली होती. उलटी करून पाहिली, तर मागे उठावाच्या इंग्रजी अक्षरांत मिंटन हॉलिन्स आणि स्टोक ऑन ट्रेंट.

आईला ही फरशी लहानपणापासून आठवते. गणपतीच्या आधी आजी स्वतः गुडघ्यांवर बसून ओटी घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आईचं वय आता झालंय. तिने ही ओटी पुन्हा नीट बघावी एवढीच माझी इच्छा आहे.

पण अवस्था वाईट आहे. कार्पेटच्या गोंदाचे काळपट थर जागोजागी चिकटलेत. डिस्टेंपरचे शिंतोडे आहेत, न्हाणीघराच्या कामाच्या वेळचं सिमेंट सांडलेलं आहे, आणि रस्त्याकडच्या भिंतीलगत पांढरी भुकटी येते, झाडली तरी परत येते. पॉलिशवाला बघून गेला. तो म्हणतो, मशीनने डायमंड मारू (म्हणजे हिऱ्याच्या कणांच्या चकतीने घासू), ॲसिडने धुऊ आणि वर इपॉक्सीचा कोट देऊ, दोन दिवसांत आरशासारखी होईल. मामा तयार आहे. माझं मन घेत नाही, पण नको म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा.

जुना_सुपरवायझर

ताई, पॉलिशवाल्याला आजच नको म्हणून कळवा. बाकीचं सावकाश वाचा.

मी कळव्याचा. नोकरीचा बहुतेक काळ फोर्ट-भायखळ्याकडच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत साइटवर गेला, आणि फरश्या हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून लांबलचक लिहितोय.

ती सुटलेली लादी उजेडात धरा आणि फुटलेली कड बघा. फुलाचा पिवळा रंग वरून दिलेला नाही. ओल्या मातीत साचा दाबून नक्षीची खळगी पाडायची, त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, सुकली की तासून सपाट करायची आणि मग भाजायची. पिवळ्या मातीचा तो थर कडेला दिसेल, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. सॅम्युअल राइटने या पद्धतीचं पेटंट इंग्लंडमध्ये १८३० साली घेतलं, हर्बर्ट मिंटनने ती धंद्यात आणली, तुमच्या लादीमागचं मिंटन हे नाव त्याचंच. एकरंगी त्रिकोण-चौकोन निराळे. ते जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी यंत्रात दाबून करतात. ते पेटंट रिचर्ड प्रॉसरचं, १८४० सालचं. त्यात रंग आरपार एकच असतो.

भाजताना लादीच्या तोंडावर घट्ट कातडी धरते. इतकी वर्षं पायांखाली राहून नक्षी टिकली ती त्या कातडीमुळे. डायमंडने ती कातडी काढली की आतली सच्छिद्र माती उघडी पडते, मग चहा सांडला तरी डाग राहतो. शिवाय जुन्या लाद्या कधीच एका पातळीत नसतात. मशीन आधी वर आलेल्या कडा खातं, आणि नेमकं तिथलं फूल पुसट होतं. ते पुन्हा येत नाही.

ॲसिडचं असं आहे की भाजलेल्या मातीला ते फारसं बाधत नाही, म्हणून पॉलिशवाले बिनधास्त ओततात. पण एवढी जुनी फरशी बहुधा चुन्यात बसवलेली असते. ॲसिड दरजांतून, म्हणजे लाद्यांमधल्या फटींतून, खाली उतरतं, चुना विरघळवतं आणि मागे कॅल्शियम क्लोराइड सोडून जातं. हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. जूनपासून आपल्याकडे हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. फरशी पावसाळाभर ओलसर राहील आणि हळूहळू लाद्या पोकळ वाजायला लागतील.

इपॉक्सी तर अजिबात नको. अशा घरांत जोत्यात माती-मुरुमाचा भराव, वर चुन्याचा कोबा (ठोकून घट्ट केलेला थर) आणि त्यावर लाद्या. ओल अडवणारा थर खाली नसतो. जमिनीतली ओल वर येते आणि दरजांतून, लादीतून उडून जाते. वर प्लास्टिकचा कोट दिला की तिला वाट राहत नाही. ओलीबरोबर आलेले क्षार कोटाखाली साठतात आणि फुगताना लादीचं तोंड पापुद्र्याने सोडवतात. गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे पीव्हीसीने हेच केलं असणार, नशीब की गोंद सगळीकडे सलग नव्हता.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार विरघळून परत लादीत शिरतात. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्यूमने ओढून घ्या, परत आला की परत झाडा. पण खरं काम बाहेर आहे. रस्त्याकडून जोतं बघा. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का? रस्ता किंवा फूटपाथ उंच होऊन माती जोत्याला भिडली आहे का? जुन्या ठाण्यात हे घराघरांत दिसतं. ते बंद झाल्याशिवाय आत काहीही करून उपयोग नाही. मग एक जाड प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा फरशीवर ठेवून चारी कडा टेपने बंद करा आणि एक दिवस राहू द्या. खाली थेंब जमले तर ओल अजून येतेय.

आता सफाई. आधी कपाटाखालच्या एखाद्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा, तिथे पटलं तरच पुढे. गोंद कोरडा खरवडू नका आणि मशीन तर लावूच नका. जुन्या काळ्या डांबरी गोंदात कधीकधी ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ छातीत जायला नको. टर्पेंटाइनमध्ये जुना सुती कपडा भिजवून गोंदावर पसरा, वरून प्लास्टिक झाका, तासभर थांबा. गोंद मऊ पडला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आडवी धार धरून उचला. पत्र्याची पट्टी किंवा तारेचा ब्रश हाताला येईल, पण घेऊ नका, चॉकलेटी लादीवर उठलेला ओरखडा जात नाही. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ओटीला लागून देवघर असेल तर त्या दिवशी समई लावू नका. गॅसही बंद.

गोंद निघाला की कोमट पाणी, त्यात थोडा भांड्यांचा साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश. थोडं पाणी, थोडी जागा. घासून निघालेलं मळकं पाणी तिथेच सुकू देऊ नका, लगेच पुसून किंवा व्हॅक्यूमने उचला, नाहीतर तोच मळ दरजांत जाऊन बसतो. मग दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा. धुण्याचा सोडा टाळा, तो स्वतःच क्षार आहे. डिस्टेंपर पाण्याने मऊ पडतो. सिमेंटचे गोळे मात्र लाकडी ठोकळा आणि बारीक छिन्नी घेऊन आडव्या टिचक्यांनी एकेक उडवावे लागतात, याला सबुरी लागते.

घोडबंदर_रोड

जरा जास्तच घाबरवताय असं वाटतं. आमच्या फ्लॅटमध्ये डायमंड पॉलिश केलं, झकास झालं, कित्येक वर्षं टिकलंय. आणि एवढं घासायला माणसं कुठून आणायची? घरात वयस्कर माणूस असताना महिनोन्‌महिने ओटी उकरून ठेवायची का?

जुना_सुपरवायझर

दादा, तुमच्याकडे मार्बल असणार. तो वरपासून खालपर्यंत एकच दगड आहे, घासला तर खाली तोच दगड निघतो, म्हणून तिथे पॉलिश योग्यच. इथे नक्षी दोन-तीन मिलिमीटरची आहे आणि कातडी त्याहून पातळ.

वेळेचं म्हणणं मात्र खरं आहे. म्हणून एकदम सगळं काढू नये. आधी बोळ, मग अर्धी ओटी, मग उरलेली. चालायला वाट राहते. आणि दिवाळी ते होळी या काळात करावं, तेव्हा आपल्याकडची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते.

ताईंनी शक्य झालं तर आईंना घेऊन भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ती इमारत, आणि तिथे मिंटनची फरशी आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही इंग्लंडहून आणलेल्या नक्षीच्या लाद्या आहेत. ही फरशी चकाकत नाही, चांगल्या स्थितीतली असली की तिच्यावर मंद तेज असतं. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की आरशाची चमक नकोशी वाटते.

पनवेलकर

काका, आमच्या पनवेलच्या घरात नक्षीच्या आठ इंची लाद्या आहेत, हिरव्या-लाल. त्यांनाही हेच सगळं लागू होईल का?

जुना_सुपरवायझर

आठ इंची असतील तर बहुधा सिमेंटच्या. तुटक्या कडेला बघा. वर काही मिलिमीटर रंगीत थर आणि खाली करडं सिमेंट-वाळू दिसली की त्या भाजलेल्या नाहीत, दाबून केलेल्या आहेत. १९२२ पासून मुंबईकडे देशी कारखान्यात अशा लाद्या होऊ लागल्या. त्यांना लिंबू, व्हिनेगर, बाथरूम क्लीनर काहीही आंबट लावायचं नाही, रंग लगेच फिका पडतो. फक्त साधा साबण, पाणी आणि मऊ ब्रश. उजाळा हवाच असेल तर अगदी बारीक पॅडने हलका हात, तोही सिमेंटच्या लाद्या ओळखणाऱ्या कारागिराकडून. चरईचे नियम तिथे तसेच्या तसे लावू नका.

ओटीवरची

काका, मनापासून आभार. मामाला तुमचं लिखाण वाचून दाखवलं, पॉलिशवाल्याला नको म्हणून कळवलं. जोतं बघितलं. पन्हळीचा शेवटचा तुकडा गळून पडलाय, पाणी थेट भिंतीवर येतं. प्लास्टिक लावून बघितलं, तर रस्त्याकडे खाली थेंब आणि बोळात एकदम कोरडं. कपाटाखाली तुम्ही सांगितलं तसा टर्पेंटाइनचा कपडा ठेवला होता. गोंद सुरकुतून वर आला, पट्टीने लांब सालीसारखा निघाला, आणि आम्ही ज्याला चॉकलेटी म्हणत होतो तो रंग चक्क तांबडा निघाला! आई खुर्ची ओढून तिथेच बसून राहिली.

आता दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. दाराजवळच्या चार लाद्या फुटल्यात, त्यांचं काय करायचं? आणि सगळं झाल्यावर वर काय लावायचं? आई खोबरेल म्हणते.

जुना_सुपरवायझर

तांबडा निघाला हे वाचून फार बरं वाटलं.

आधी पन्हळ. मग एक पावसाळा जाऊ द्या आणि रस्त्याकडची बाजू सगळ्यात शेवटी घ्या. बोळ आत्ताच सुरू करायला हरकत नाही.

फुटलेल्या लाद्यांचे तुकडे फेकू नका, पिशवीत नावनिशी ठेवा. तडा सरळ असेल आणि लादी हलत नसेल तर तिला हातच लावायचा नाही. अगदी भुगा झाला असेल तर कपाटाखालची, जिन्याखालची किंवा कुठल्याही न दिसणाऱ्या कोपऱ्यातली तशीच लादी काढून दारात बसवा आणि त्या कोपऱ्यात नवी लावा. इंग्लंडमध्ये जॅकफील्डला क्रेव्हन डनिल हे कारखानदार अजूनही या पद्धतीने लाद्या करतात, पण चार लाद्यांसाठी ते परवडणारं नाही. लादी काढताना आधी दरजा पातळ करवतीने मोकळ्या करायच्या, शेजारच्या लादीवर पहार टेकवायची नाही. बसवताना भिजवून मुरवलेला चुना, बारीक वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी). गवंडी व्हाइट सिमेंट आणि टाइलचा गोंद काढेल, त्याला थांबवा. चुन्यात बसवलेली लादी उद्या कुणाला काढावी लागली तर अख्खी निघते, सिमेंटमधली फुटूनच निघते. या फरशीत लाद्या एकमेकींना जवळजवळ भिडवलेल्या असतात, त्यामुळे मधे फट राखायचे प्लास्टिकचे स्पेसर घालायचे नाहीत.

आईंना सांगा, खोबरेल नको. ते चिकट होतं, खवट वास येतो आणि धूळ धरतं. जवसाच्या तेलानेही लाद्या काळवंडतात. फरशी पूर्ण सुकल्यावर, म्हणजे काही आठवडे थांबून, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि सुती कापडाने घासा. जिथे थेंब जमले होते तिथे मेणही नको, तशीच उघडी राहू द्या. रोज पुसायला साधं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं. फिनेल घालू नका, त्याचा चिकट थर साचत जातो.

गवंडी ठरला की त्याने चुना कुठून आणला आणि किती दिवस भिजवला ते इथे लिहा, मग प्रमाण सांगतो.