पीएलएमधला घायपात : वाख की तंतू?

टाकबोरू : जैवविघटनशील प्लास्टिकवरच्या पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. वाक्य असं : पीएलएमध्ये (पॉलिलॅक्टिक ॲसिड, हेच ते प्लास्टिक) वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत घायपाताचं फायबर मिसळून त्याला रीइन्फोर्स करतात. ‘वाख’ आणि ‘बळकटी’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘तंतू’ आणि ‘प्रबलन’ केलं. काय ठेवावं?

सणकाडी : वाखच. अंबाडी पाण्यात कुजवून सोलली की निघतो तो वाख. मूळ संस्कृत ‘वल्क’, म्हणजे साल.

रसायनी : मग घायपाताला वाख कसं चालेल? तो सालीतून नाही, पान खरवडून निघतो.

सणकाडी : दोर वळणारे घायपाताचा वाखच म्हणतात. वापर व्युत्पत्तीला विचारून चालत नाही.

रसायनी : तरी ‘तंतू’च. वाख हातभर लांब. पीएलएत जातात ३–५ मिमीचे तुकडे, आणि दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून, मिसळून बाहेर ढकलणारं यंत्र) निघेपर्यंत त्यातले बरेचसे १ मिमीच्या आत येतात.

मूस : मग बळकटीही उरत नाही. फार आखूड तुकडा ताण पेलायच्या आधीच निसटतो. ताठपणा वाढतो, ताकद नाही. त्याला ‘भर’ म्हणा. तुकडे फार आखूड होऊ नयेत म्हणून वाख यंत्राच्या पहिल्या तोंडातून न घालता, पीएलए वितळल्यावर पुढच्या तोंडातून सोडावा.

टाकबोरू : ‘भर’ तर लाकडाच्या भुशालाही म्हणतात ना?

मूस : म्हणूनच फरक करा. तुटलेला नमुना भिंगाखाली धरा. स्वच्छ भोकं दिसली तर तंतू उपटून आलेत, पकडच नव्हती. पकड यावी म्हणून वाख कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्के द्रावणात बुडवला की मेण आणि हेमिसेल्युलोज (तंतूतला सेल्युलोजसोबतचा घटक) निघतं, अंग खडबडीत होतं. जास्त वेळ ठेवला तर वाखच कमजोर होतो. नंतर सामू ७ येईपर्यंत धुवा.

रसायनी : आणि वाळवा! उघड्यावरचा वाख ८–१० टक्के पाणी धरतो. ओला गेला की पीएलएच्या साखळ्या तुटतात, मालात बुडबुडे येतात, तो ठिसूळ होतो. पीएलए आणि वाख वेगवेगळे, ८० अंशांवर, कोरड्या हवेत किमान चार तास. यंत्रात २०० अंशांवर गेलात की वाख करपलाच.

प्राकृत : माझा आक्षेप ‘जैवविघटनशील’ला आहे. पीएलए परसातल्या खड्ड्यात वर्षभर सहज तसंच राहतं. ६० अंशांच्या आसपास तापणाऱ्या कंपोस्टातच कुजतं. सरळ ‘तापल्या खतात कुजणारं’ लिहा.

सणकाडी : ‘कुजणारं’ नको. अंबाडी ‘कुजवतात’ तेव्हा वाख कुजू द्यायचा नसतो. साल सुटली की लगेच बाहेर काढतात.

प्राकृत : मग तिथेच ‘भिजवतात’ म्हणा!