प्रतिसाद: यकृतातली साठलेली चरबी की मोकळी आम्लं?

वर कोणीतरी म्हटलंय की यकृतात साठलेली चरबीच त्याला पोखरते, म्हणून तेल-तूप बंद करा. थोडं वेगळं आहे ते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ते गोल थेंब म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि तो तसा निरुपद्रवी साठा. उंदरांमध्ये हा साठा बनवणारं एक एन्झाइम दाबलं तेव्हा चरबी कमी झाली, पण यकृताची इजा वाढली!

खरा त्रास मोकळ्या फॅटी ॲसिड्सचा, म्हणजे ज्यांच्यापासून ट्रायग्लिसराइड बनतं त्या सुट्या आम्लांचा; त्यातही पामिटिकसारख्या संपृक्त (सॅच्युरेटेड) आम्लांचा. ती जाळताना मायटोकाँड्रियावर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांवर) ताण येतो, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात, पेशी फुगून मरतात. मग सूज येते आणि एरवी अ जीवनसत्त्व सांभाळत शांत बसलेल्या यकृतातल्या स्टेलेट पेशी कोलॅजन हे तंतुमय प्रथिन विणू लागतात. व्रण पडतो तो असा.

आणि ही चरबी येते कुठून? 2005 च्या एका छोट्या अभ्यासात सुमारे 59 टक्के अंगावरच्या मेदातून, 26 टक्के यकृतानेच साखर-पिष्टापासून बनवलेली, आणि थेट आहारातली फक्त 15 टक्के. त्यामुळे तेल सोडून गोड सरबतं पिणाऱ्यांचं मला नवल वाटतं.