ऑइल मोजायची डिपस्टिक वर येते, झाकणातून धूर. इंजिन उतरवायचं का?

घाटवाला:
डिझेल पिकअप, १ लाख ८० हजार किमी. रोज साताऱ्याहून पुण्याला भाजी. परवा परतताना, गाडी रिकामी असूनही, खंबाटकीच्या चढाला ऑइलचा वास आला. बॉनेट उघडलं तर डिपस्टिक दोन बोटं वर, भोवती ऑइलच ऑइल. ऑइलचं झाकण काढलं की भकभक धूर. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा. सीझनात गाडी उभी करणं परवडत नाही हो.

ग्रीसचे हात:
दादा, थांबा. थोडा धूर चांगल्या डिझेललाही येतो, तेवढ्यावर रिंगांना फासावर देऊ नका. डिपस्टिक वर ढकलली जातेय म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनचा खालचा, ऑइलचा भाग) दाब साठतोय. आधी ब्रीदरचा, म्हणजे हा दाब बाहेर सोडणारा, पाइप काढून फुंकून बघा. तो साफ निघाला तर कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) बघा, मग लीक-डाउन, म्हणजे दाब कुठून गळतो ते: पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, सिलिंडरमध्ये हवा सोडायची. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तरच रिंगा.

जुना टेम्पो:
टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) विसरू नका. त्याचं सील गेलं तरी दाब केसमध्येच उतरतो. आम्हाला हे इंजिन उघडून झाल्यावर कळलं!

घाटवाला:
ब्रीदरच्या सेपरेटरमध्ये (वाफेतलं ऑइल वेगळं करणारा डबा) काळा चिखल निघाला, पाइप आतून फुगून चिकटलेला. पाइप बदलला, सेपरेटर डिझेलने धुतला. आज भरल्या गाडीने चढलो, डिपस्टिक जागेवर. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा) पाइपात मात्र ऑइल आहे अजून. कॉम्प्रेशन रविवारी बघतो.