फ्रंट लोड मशीन: स्पिनला प्रचंड घरघर, मागून तपकिरी पाणी. बेअरिंग की स्पायडर?

नमस्कार मंडळी. फ्रंट लोड मशीन स्वतः उघडून दुरुस्त केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

मशीन बेल्टवर चालणारी आहे. कपडे धुताना ड्रम हळू फिरतो तेव्हा बारीक खरखर येते, तेवढी चालून जाते. पण स्पिन सुरू झाला की वेगाबरोबर घरघर चढत जाते आणि शेवटी शेजारच्या खोलीतही बोलणं ऐकू येत नाही. मशीन रिकामी चालवली तरी तेच, म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झाल्याचा हा प्रकार नाही.

मेकॅनिक येऊन गेले. मागचा पत्रा न उघडताच "मोटर गेली, नवीन मशीन घ्या" म्हणाले. मला ते पटलं नाही. प्लग काढला, पत्रा उघडला, बेल्ट उतरवला. मोटर हाताने फिरवली तर अगदी गुपचूप फिरते. ड्रमची पुली फिरवली की मात्र हाताला दाणेदार खरखर लागते. पुलीमागे टबवर गंजाचे ओघळ आहेत, त्यात काळं ग्रीसही मिसळलेलं दिसतं. मग दरवाजातून ड्रमची वरची कड धरून उचलून पाहिली. टब स्प्रिंगवर लटकलेला असल्याने तो हलणारच, पण इथे टब स्थिर असतानाही आतला ड्रम वेगळा हलतो.

बेअरिंगच असावं असं वाटतं. पण ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा स्पायडरही ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो, डिटर्जंट आणि ओलाव्याने खात जातो आणि तडकतो. सगळा टब बाहेर काढण्याआधी यातलं नेमकं काय ते ओळखता येईल का? शिवाय काही टब कारखान्यातच वेल्ड केलेले असतात. आपला तसा आहे का, हे कसं कळेल? मशीन चांगली चाललेली आहे. एका बेअरिंगपायी ती भंगारात टाकणं जिवावर येतं.

प्रतिसाद:
तपासणी योग्य दिशेने केली आहे. बेल्ट काढल्यावर मोटर शांत आणि पुली खरखरते, म्हणजे दोष ड्रमच्या बाजूला, मोटरचा नाही. ओघळ सांगतात की आधी ऑइल सील गेलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन निघालं आणि मग गंज चढला. म्हणून नुसतं बेअरिंग बदलू नका. पुढचं, मागचं आणि सील तिन्ही एकदम बदला. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, सीलवर मापं असतात.

स्पायडरसाठी ड्रम हाताने सावकाश फिरवा आणि ड्रमची कड व रबर गॅस्केट यांच्यातली फट बघत राहा. स्पायडर तडकला असेल तर ड्रम डगमगतो, फट दर फेरीला एकाच जागी कमी-जास्त होते. फट फेरीभर सारखी राहत असेल आणि फक्त उचलल्यावर बदलत असेल, तर बेअरिंग.

वरचं झाकण काढून टबचे दोन भाग जुळतात तो जोड पाहा. कडेने स्क्रू किंवा क्लिपा असतील तर उघडता येतो. नुसती सलग प्लॅस्टिकची शिवण असेल तर वेल्ड समजा. तो कापून पुन्हा स्क्रू आणि सीलंटने जोडणारे लोक आहेत, पण गळतीची जबाबदारी आपली. मी तरी तिथे पूर्ण टब बदलेन.

टब उघडल्यावर शाफ्टवर सील जिथे बसतं तिथे बोट फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळेल. आणि नवं बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवरच ठोका. आतल्या रिंगवर ठोकलंत तर ते बसवतानाच खराब होईल.

तोवर मशीन चालवू नका. मागून गळणारं पाणी वायरिंगवर जाऊ शकतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार! फट फेरीभर एकसारखी आहे आणि जोडावर सगळीकडे स्क्रू आहेत. आता पुलीचा बोल्ट हलत नाही. उलटी आटी असते का?

प्रतिसाद:
बहुतेक मशीनमध्ये सरळच असते, डावीकडे सैल होते. बोल्टला आटी पक्की करणारं द्रव्य लावलेलं असतं, म्हणून हॉट एअर गनने फक्त बोल्टचं डोकं गरम करा, प्लॅस्टिक सांभाळून. पुली काढल्यावर तोच बोल्ट पुन्हा शाफ्टमध्ये लावा, वर लाकूड धरा आणि मगच ठोका. नाहीतर शाफ्टचं तोंड पसरतं आणि ड्रम बाहेर येत नाही.