रिपोर्ट पास, तरी कंटेनर बंदरात अडकला. तातडीने मदत हवी

घाईत_आहे:
निर्यातीचा पहिलाच कंटेनर. निघताना लॅबचा रिपोर्ट घेतला होता, पास. तिकडे बंदरात पुन्हा नमुना काढला आणि म्हणे नापास! आकडा जवळजवळ दुप्पट. आयातदार रोज फोन करतोय, बंदराचं भाडं चढतंय. लॅबवर दावा ठोकू की तिकडच्यांना आव्हान देऊ? लवकर सांगा, उपदेश नको.

सावकाश:
अहो, माल कुठला? गेलाय कुठे? नापास कशात? इथे कुणाला ज्योतिष येत नाही.

घाईत_आहे:
शेंगदाणे. युरोप. अफ्लाटॉक्सिन, ते बुरशीचं विष, दुसरं काय असणार?

प्रमाणपत्र_हवंच:
अन्नसुरक्षेचं आयएसओ २२००० प्रमाणपत्र घ्या. आम्ही घेतल्यापासून एकही माल परत आलेला नाही.

जुना_क्यूसी:
कंटेनर बंदरात उभा आहे, आता प्रमाणपत्र घेऊन काय त्याला हार घालायचाय? धागाकर्ते, दोन्ही आकडे सांगा. नमुना किती किलोचा होता आणि काढला कुणी?

घाईत_आहे:
इथे ६, तिथे ११ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. मर्यादा १५ आहे ना? मग ११ पण पासच की! नमुना आमच्याच माणसाने काढला, अर्धा किलो.

रंगीत_खोका:
पॅकिंगकडे लक्ष द्या. परदेशी गिऱ्हाईक आधी खोका बघतं.

जुना_क्यूसी:
अर्धा किलो वाचून कपाळावर हात मारला. ही बुरशी सगळ्या मालात सारखी पसरत नाही. हजारो दाण्यांत एखादाच सुरकुतलेला, काळपट दाणा निघतो, पण त्या एकट्यात एवढं विष असतं की अख्ख्या नमुन्याचा आकडा वर जातो. तिकडे मोठ्या लॉटमधून शंभरेक ठिकाणांहून थोडं थोडं काढून २० किलोचा नमुना करतात आणि तो दळून तपासतात. तुमच्या माणसाने दाराजवळच्या दोन पोत्यांत परखी खुपसली असणार. लॅबने तुमची पिशवी तपासली, कंटेनर नाही. दावा कशाच्या जोरावर ठोकणार?

आता १५ चं. ती मर्यादा पुढे निवड किंवा प्रक्रिया होणार असेल त्या मालाची. थेट खाण्याच्या दाण्यांना एकूण ४, त्यातलं बी१, म्हणजे सगळ्यात जहाल प्रकार, फक्त २. त्या हिशेबाने तुमचे ६ सुद्धा नापास! कागदावर माल कशासाठी म्हणून लिहिलाय?

प्रमाणपत्र_हवंच:
म्हणजे हॅसप वगैरे सगळं फुकट? अंतराळवीरांच्या जेवणासाठी नासाने काढलेली पद्धत आहे ती!

जुना_क्यूसी:
नासाने एकटीने नाही, पिल्सबरी कंपनीही होती. आणि फुकट कोण म्हणालं? धोका वाळवताना, साठवताना, निवडताना अडवा, हेच तर हॅसप सांगतं. तुम्ही ते फ्रेम करून भिंतीवर लावता.

गोदामवाला:
कंटेनरच्या घामाचं कुणीच बोललं नाही. दाणा नीट न वाळवता भरला की रात्री छत थंड पडतं, आतली वाफ तिथे धरते आणि थेंब वरच्या थरावर टपकतात. एकदा दार उघडलं तर वरच्या पोत्यांवर हिरवट वर्तुळं, खालची पोती कोरडी ठणठणीत. भरताना ओलावा मोजला होता का?

घाईत_आहे:
हाताला कोरडा लागत होता.

गोदामवाला:
झालं!

सावकाश:
भांडण पुरे, माणसाला वाट सांगा. तिकडच्या कायद्यात दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागायचा हक्क आहे, त्याचा खर्च तुमचा. पण मर्यादा ४ ची असेल तर त्यात पैसे घालू नका. मग उरतं ते माल नष्ट करणं, परत आणणं किंवा तिथले अधिकारी परवानगी देतील ती प्रक्रिया, म्हणजे निवडून खराब दाणे काढणं. आयातदाराला आजच अर्ज करायला सांगा.

घाईत_आहे:
आत्ता कागद काढले. ‘थेट खाण्यासाठी’ असंच लिहिलंय. हे भरलं कुणी ते बघतो.

जुना_क्यूसी:
खाली सही कुणाची आहे?

घाईत_आहे:
माझीच. आयातदाराला फोन लावतोय.

रंगीत_खोका:
खोक्याचा फोटो टाकाल का?